निर्जन बेटांवरील हक्काचे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूरच्या बेटांवरील हक्काचे वाद बातम्यांत येतात तेव्हा चर्चा बहुधा गस्ती नौका, निषेधाचे खलिते आणि राष्ट्राभिमान यांच्यापुरतीच राहते. हे वाद मुळात उद्भवले कसे आणि ज्यांचा निकाल लागला तो कशाच्या आधारे लागला, याविषयी वाचक नेहमी विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. भर निर्जन किंवा जवळजवळ निर्जन बेटांवर आहे. फॉकलंडसारखी, मोठी वस्ती आणि युद्ध यांनी गाजलेली प्रकरणे मुद्दाम बाजूला ठेवली आहेत.

जेथे गवतही धड उगवत नाही, अशा खडकासाठी देश का भांडतात?

आज भांडण खडकाचे नसून त्याच्या भोवतीच्या पाण्याचे आणि पाण्याखालच्या जमिनीचे असते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या देशाचा प्रादेशिक समुद्र असतो आणि २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात मासे, तेल, वायू व खनिजे यांवर त्याचा हक्क असतो. खुल्या समुद्रातील एकाकी बेटाभोवती २०० सागरी मैलांचे पूर्ण वर्तुळ काढले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो.

पूर्व चीन समुद्रातील सेनकाकू बेटांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चीनमध्ये आणि तैवानमध्ये त्यांना दियाओयू म्हणतात. जपानच्या मंत्रिमंडळाने १४ जानेवारी १८९५ रोजी ठराव करून ती आपल्या राज्यात समाविष्ट केली. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या आशियाविषयक आर्थिक आयोगाच्या पुढाकाराने तेथील समुद्रतळाची पाहणी झाली आणि तेलसाठ्यांची शक्यता वर्तवणारा अहवाल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९७१ मध्ये तैवान आणि चीन या दोघांनीही औपचारिक दावे मांडले. चीनचे म्हणणे असे, की बेटांचे उल्लेख मिंग काळातील नोंदींत आहेत आणि १८९५ चा ठराव त्या वेळी जाहीरच केला गेला नव्हता. यातले दुसरे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. तरीही मधल्या पाऊणशे वर्षांतील मौनाचे समाधानकारक स्पष्टीकरण देणे चीनला जड जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मग समुद्र कायदा येण्यापूर्वी अशा बेटांना किंमत नव्हती का?

होती, पण वेगळ्या कारणांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास समुद्रपक्ष्यांची वाळलेली विष्ठा, म्हणजे ग्वानो, हे शेतीचे अत्यंत मौल्यवान खत होते. १८५६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदाच केला, की अन्य कोणाच्या ताब्यात नसलेल्या ग्वानोच्या बेटावर अमेरिकी नागरिकाने शांततेने ताबा घेतल्यास ते बेट अमेरिकेचे समजता येईल. कॅरिबियन समुद्रातील नवासा बेटावर अमेरिकेने याच कायद्याखाली हक्क सांगितला. हैतीने तो कधीच मान्य केला नाही आणि तो वाद आजही तसाच आहे. पुढे वाफेच्या जहाजांसाठी कोळशाची ठाणी, समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबली, दीपस्तंभ आणि विमानांच्या धावपट्ट्या अशी कारणे एकामागून एक येत गेली. ब्रिटनने उत्तर अटलांटिकमधील रॉकॉल हा उघडा खडक १९५५ साली ताब्यात घेतला तो तर क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांवर कोणी परक्याने तेथून नजर ठेवू नये म्हणून.

एखादे बेट ज्याने प्रथम पाहिले, त्याचे ते होते का?

नाही. लोकांच्या मनातील सर्वांत घट्ट समजूत हीच आहे आणि न्यायनिवाड्यांत तिचाच सर्वांत आधी बळी गेला आहे.

या विषयावरील पायाभूत निवाडा पाल्मास बेटाचा आहे. फिलिपिन्समधील मिंदानाओच्या आग्नेयेस असलेले, सुमारे ३ किलोमीटर लांबीचे हे बेट आज मियांगास या नावाने इंडोनेशियात आहे. १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केला, तेव्हा तहात आखलेल्या रेषांच्या आत हे बेट येत होते. साहजिकच अमेरिकेने ते आपले मानले. जानेवारी १९०६ मध्ये मोरो प्रांताचा अमेरिकी गव्हर्नर, जनरल लिओनार्ड वुड, पाहणीसाठी तेथे उतरला, तर किनाऱ्यावर नेदरलँड्सचा झेंडा फडकत होता. त्यातून सुरू झालेला पत्रव्यवहार अखेर लवादाकडे गेला आणि स्विस कायदेपंडित माक्स हूबर यांनी ४ एप्रिल १९२८ रोजी निवाडा दिला.

अमेरिकेचा युक्तिवाद सोपा होता. बेट स्पेनने शोधले, स्पेनचा हक्क आमच्याकडे आला, शिवाय ते फिलिपिन्सच्या जवळ आहे. हूबर यांनी दोन्ही मुद्दे बाजूला सारले. शोधामुळे फार तर अपुरा, अंकुरावस्थेतील हक्क निर्माण होतो. वाजवी मुदतीत प्रत्यक्ष राज्यकारभाराने तो पुरा केला नाही, तर सातत्याने आणि शांततेने सत्ता चालवणाऱ्यापुढे तो टिकत नाही. जवळीक ही तर हक्काचा आधारच होऊ शकत नाही. नेदरलँड्सची बाजू उभी होती ती सतराव्या शतकापासून डच ईस्ट इंडिया कंपनीने त्या भागातील स्थानिक राजांशी केलेल्या करारांवर, करवसुलीच्या नोंदींवर आणि वादळानंतर बेटावर पाठवलेल्या मदतीसारख्या अगदी साध्या गोष्टींवर. स्पेनला जे विकण्याचा अधिकारच नव्हता ते अमेरिकेला मिळणे शक्य नव्हते, आणि बेट नेदरलँड्सकडे राहिले.

याच निवाड्याने आणखी एक तत्त्व रूढ केले. जुन्या कृतीची वैधता त्या काळच्या कायद्याने तपासायची, पण हक्क पुढे टिकला की नाही हे बदलत गेलेल्या कायद्यानुसार पाहायचे. सोळाव्या शतकात जहाजावरून बेट दिसणे पुरेसे असेलही. एकोणिसाव्या शतकात ते पुरेसे राहिले नव्हते.

न्यायालय कोणता पुरावा ग्राह्य धरते?

गावाकडे बांधाचा वाद पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही. आजोबांनी सांगितलेली गोष्ट बाजूला राहते आणि सात-बारा कोणाच्या नावावर, शेतसारा कोणी भरला, वहिवाट कोणाची, एवढेच विचारले जाते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे बेटांविषयीचे निकाल वाचताना हाच अनुभव येतो.

इंग्लिश खाडीतील मिंकिए आणि एक्रेहो या खडकांच्या पुंजक्यांवर ब्रिटन आणि फ्रान्स यांनी दावा केला, तेव्हा दोन्ही बाजूंनी थेट नॉर्मंडीच्या सरदारांपर्यंत मागे जाऊन मध्ययुगीन सनदा, तह आणि देणग्या सादर केल्या. सतरा नोव्हेंबर १९५३ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने निकाल ब्रिटनच्या बाजूने दिला. त्यात जुन्या सरंजामी वादांवरून काढलेल्या अप्रत्यक्ष अनुमानांपेक्षा ताब्याशी थेट संबंध असलेल्या पुराव्याला निर्णायक महत्त्व दिले गेले. हा पुरावा कोणता, तर एक्रेहोवर एका माणसाने दुसऱ्यावर गोळी झाडल्याबद्दल, ब्रिटिश राजसत्तेखालील जर्सी या शेजारच्या बेटाच्या न्यायालयात १८२६ साली चाललेला खटला. खडकांवर सापडलेल्या प्रेतांचे जर्सीच्या अधिकाऱ्यांनी केलेले पंचनामे. मच्छीमारांच्या दगडी झोपड्यांवर जर्सीच्या परगण्याने आकारलेली घरपट्टी. त्या झोपड्यांच्या खरेदीखतांची जर्सीत झालेली नोंदणी. आणि १८८४ साली उभारलेली जकातीची चौकी. फ्रान्सने १८६१ पासून मिंकिएभोवती तरंगती मार्गदर्शक चिन्हे बसवली होती, पण ती खडकांवर सत्ता गाजवण्याच्या हेतूने नव्हे तर जहाजांच्या सोयीसाठी होती, असे न्यायालयाने म्हटले.

बोर्नियोच्या ईशान्येस असलेल्या लिगितान आणि सिपादान या बेटांचे प्रकरण तर याहून मजेशीर आहे. इंडोनेशियाची भिस्त १८९१ च्या ब्रिटन–नेदरलँड्स करारावर होती. त्या करारातील अक्षांशाची रेषा समुद्रात पुढे वाढवल्यास दोन्ही बेटे इंडोनेशियाकडे येत होती. न्यायालयाने ती रेषा सेबातिक बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच थांबते असे ठरवले, आणि मग उरला फक्त प्रत्यक्ष कारभाराचा प्रश्न. मलेशियाने दाखवले, की उत्तर बोर्नियोच्या ब्रिटिश प्रशासनाने १९१७ साली कासवांच्या संरक्षणाचा कायदा करून तेथील कासवांची अंडी गोळा करण्यावर परवाने आणि नियम लावले होते, अंड्यांवरून झालेले तंटे सोडवले होते, १९३३ साली सिपादान पक्ष्यांसाठी राखीव केले होते आणि पुढे १९६२ व १९६३ मध्ये दोन्ही बेटांवर दीपस्तंभ उभारले होते. इंडोनेशियाकडे दाखवण्याजोगे होते ते १९२१ साली एका डच युद्धनौकेने त्या परिसरात घातलेली गस्त आणि आपल्या मच्छीमारांचा वावर. डिसेंबर २००२ मध्ये १६ विरुद्ध १ मताने दोन्ही बेटे मलेशियाला मिळाली. कासवांच्या अंड्यांचा परवाना देणाऱ्या कारकुनाला आपण सार्वभौमत्वाचा पुरावा तयार करत आहोत याची कल्पनाही नसणार, आणि नेमक्या याच कारणाने तो पुरावा विश्वासार्ह ठरतो.

पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्यांच्या वावराला मग काहीच किंमत नाही का?

सार्वभौमत्वाच्या प्रश्नात फारच कमी. लिगितान-सिपादान निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की खासगी व्यक्तींच्या कृती सरकारच्या आदेशावरून किंवा सरकारी अधिकाराखाली झालेल्या नसतील, तर त्या राज्याच्या कृती मानता येत नाहीत. मच्छीमार तेथे जाळी वाळवत होते, पाणी भरत होते, वादळात आसरा घेत होते, हे सगळे खरे असूनही त्यावरून बेट कोणत्या देशाचे हे ठरत नाही. हा नियम तर्काला धरून आहे, कारण एकाच खडकावर दोन्ही किनाऱ्यांचे लोक येत असतात. पण ज्यांचा त्या बेटाशी सर्वांत जुना संबंध, त्यांचीच साक्ष सर्वांत हलकी ठरते, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

कच्चतीवूचा वाद नेमका काय आहे?

भारत आणि श्रीलंका यांच्यामधील पाल्कच्या सामुद्रधुनीतील कच्चतीवू हे सुमारे २८५ एकरांचे निर्जन बेट आहे. तेथे गोड्या पाण्याची कायमची सोय नाही. सेंट अँथनीचे एक चर्च आहे आणि त्याच्या वार्षिक यात्रेला दोन्ही देशांतील तमिळ भाविक जमतात. भारताच्या बाजूचा दावा रामनाडच्या राजाच्या जमीनदारीतील नोंदींवर आधारलेला होता. श्रीलंकेचा आधार सिलोन सरकारच्या कारभाराचा होता. १९२१ साली मद्रास आणि सिलोन यांच्या प्रतिनिधींमध्ये मासेमारीच्या हद्दीविषयी बोलणी झाली, तेव्हा विचारात घेतलेली रेषा बेटाच्या पश्चिमेकडून जाणारी होती. भारताच्या बाजूने मात्र प्रादेशिक हक्काला बाध न येता ही चर्चा होत असल्याची भूमिका होती.

जून १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात झालेल्या कराराने सागरी सीमा आखली गेली आणि बेट श्रीलंकेच्या बाजूला गेले. कराराच्या पाचव्या कलमाने भारतीय मच्छीमारांना व यात्रेकरूंना पूर्वीप्रमाणे, प्रवासाच्या कागदपत्रांशिवाय, बेटावर जाण्याची मुभा राखली. मार्च १९७६ मध्ये पुढची सीमा आखताना झालेल्या पत्रव्यवहारात मात्र दोन्ही देशांच्या मच्छीमारांनी एकमेकांच्या पाण्यात मासेमारी करू नये असे ठरले. कन्याकुमारीजवळचा वेज बँक हा समृद्ध मासेमारीचा पट्टा त्याच वेळी भारताकडे निश्चित झाला, ही बाजू राजकीय भाषणांत सहसा येत नाही.

भारतात या करारावर मुख्य आक्षेप घटनात्मक आहे. बेरूबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली मत दिले होते, की देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती आवश्यक आहे. कच्चतीवूच्या बाबतीत तशी दुरुस्ती झाली नाही. केंद्र सरकारची जुनी भूमिका अशी, की बेटाची सीमा कधी निश्चितच नव्हती, त्यामुळे भूभाग दिला गेला नाही, केवळ सीमा आखली गेली. जयललिता यांनी २००८ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता.

बेट परत मिळाले तर मच्छीमारांचा प्रश्न सुटेल, ही समजूत मात्र तपासून घेतली पाहिजे. तमिळनाडूच्या ट्रॉलर ज्या पाण्यात पकडल्या जातात ते बरेचदा कच्चतीवूच्या पलीकडे, श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्याजवळ असते, आणि समुद्रतळ खरवडून नेणाऱ्या या मासेमारीविरुद्ध तक्रार करणारे जाफना परिसरातील मच्छीमारही तमिळच आहेत.

एखाद्या अधिकाऱ्याच्या पत्राने देशाचा हक्क जाऊ शकतो का?

जाऊ शकतो. सिंगापूरच्या पूर्वेस २४ सागरी मैलांवरील पेड्रा ब्रांका या खडकावर ब्रिटिशांनी १८५१ साली हॉर्सबर्ग दीपस्तंभ पेटवला. १९५३ मध्ये सिंगापूरच्या वसाहत सरकारने प्रादेशिक पाण्याची हद्द ठरवण्यासाठी शेजारच्या, आज मलेशियात असलेल्या जोहोर राज्याकडे खडकाच्या दर्जाची विचारणा केली. २१ सप्टेंबर १९५३ रोजी जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवाने एका वाक्याचे उत्तर पाठवले, की जोहोर सरकार पेड्रा ब्रांकावर मालकीचा दावा करत नाही. १९७९ साली मलेशियाने नव्या नकाशात तो खडक आपल्या हद्दीत दाखवला, तेव्हा सिंगापूरने हरकत घेतली आणि पुढे हे पत्र बाहेर आले.

२३ मे २००८ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले, की मूळ हक्क जोहोरच्या सुलतानाचाच होता. परंतु हे पत्र, त्यानंतर सिंगापूरने तेथे केलेल्या अपघातांच्या चौकशा, लोकांच्या भेटींवरील नियंत्रण आणि या सगळ्यावर मलेशियाने बाळगलेले मौन यांमुळे तो हक्क सिंगापूरकडे गेला. १२ विरुद्ध ४ मतांनी पेड्रा ब्रांका सिंगापूरला मिळाले. शेजारचे मिडल रॉक्स मात्र मलेशियाकडेच राहिले. मलेशियाने २०१७ साली फेरविचाराचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी सरकार बदलल्यावर तो मागे घेतला.

जुने नकाशे पुरावा म्हणून चालतात का?

पूरक म्हणून चालतात, स्वतंत्रपणे क्वचितच. नकाशा एखाद्या तहाला अधिकृतपणे जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी स्वतःच्या बाजूने काढलेल्या नकाशाला फारसे वजन नसते. स्वतःच्या विरुद्ध जाणाऱ्या नकाशाला मात्र असते. पेड्रा ब्रांका प्रकरणात मलायाच्या आणि मलेशियाच्याच सर्वेक्षण खात्याने १९६२ ते १९७५ या काळात काढलेल्या नकाशांवर खडकाच्या नावाखाली कंसात सिंगापूर असे छापलेले निघाले होते.

कोणीच राहत नसलेल्या बेटावर कारभार करायचा तरी कसा?

निर्जन जागेसाठी अपेक्षा कमी असते, आणि याचे टोकाचे उदाहरण म्हणजे क्लिपर्टन. मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर प्रशांत महासागरात असलेले हे प्रवाळबेट १७ नोव्हेंबर १८५८ रोजी एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने व्यापारी जहाजावरूनच फ्रान्सचे म्हणून घोषित केले. पुढे होनोलुलूला जाऊन त्याने वकिलातीला कळवले आणि तेथील एका वृत्तपत्रात ती घोषणा छापून आणली. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे फ्रान्सने तेथे जवळजवळ काहीच केले नाही.

१८९७ मध्ये मेक्सिकोची युद्धनौका आली आणि तिने आपला झेंडा रोवला. पुढे फॉस्फेटच्या धंद्यामागोमाग मेक्सिकोची लष्करी तुकडी कुटुंबांसह तेथे राहू लागली. मेक्सिकोत क्रांती पेटल्यावर १९१४ पासून रसदीची जहाजे यायची थांबली. ताज्या भाज्या-फळांअभावी स्कर्व्ही होऊन माणसे एकामागून एक दगावली, आणि तुकडीचा प्रमुख कॅप्टन रामोन आर्नो मदत मिळवण्याच्या प्रयत्नात १९१५ साली बुडाला. उरलेला दीपस्तंभाचा पहारेकरी स्वतःला राजा म्हणवून स्त्रियांवर अत्याचार करू लागला. त्यांनीच १९१७ च्या जुलैमध्ये त्याला ठार केले आणि त्याच सुमारास यॉर्कटाउन ही अमेरिकी युद्धनौका तेथे पोहोचून उरलेल्या स्त्रिया-मुलांना घेऊन गेली.

हा वाद १९०९ सालीच इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या लवादाकडे सोपवला गेला होता. निवाडा यायला २२ वर्षे लागली. २८ जानेवारी १९३१ रोजी राजाने बेट फ्रान्सला दिले: पूर्णपणे निर्जन बेटावर १८५८ ची घोषणाच पुरेशी होती, फ्रान्सने हक्क सोडल्याचे कोठेही दिसत नव्हते आणि मेक्सिकोकडे स्पेनकडून आलेला हक्क सिद्ध झाला नव्हता. बेटावर मेलेल्या माणसांना या हिशेबात स्थान नव्हते, कारण ती वाद सुरू झाल्यानंतर तेथे आली होती.

वाद सुरू झाल्यावर घाईघाईने झेंडे लावून, चौक्या बांधून उपयोग होतो का?

न्यायालयात होत नाही. वाद ज्या दिवशी स्पष्ट रूप घेतो त्या दिवसाला निर्णायक तारीख मानतात, आणि त्यानंतर केवळ आपली बाजू बळकट करण्यासाठी केलेल्या कृती सहसा विचारात घेतल्या जात नाहीत. लिगितान-सिपादान प्रकरणात ही मर्यादा १९६९ होती. न्यायालयाबाहेर मात्र ताबा तो ताबाच, आणि दक्षिण चीन समुद्रात भराव घालून बांधलेल्या धावपट्ट्या हे जाणूनच बांधल्या गेल्या आहेत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असा वाद कधी झाला आहे का?

थळच्या समोरील खांदेरीचा झाला होता, आणि तो बराच शिकवून जाणारा आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी त्या ओसाड बेटावर किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. हे बेट मुंबईच्या मुलखापैकी आहे असा दावा करत इंग्रजांनी हरकत घेतली, गलबते पाठवली, आणि जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांच्या बाजूने उतरला. रात्रीच्या अंधारात छोट्या होड्यांतून रसद पोहोचत राहिली, लढाया झाल्या, तट वर चढत राहिला. १६८० च्या सुरुवातीस इंग्रजांनी माघार घेतली आणि सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. इंग्रजांचा हक्क कागदोपत्री काहीही असो, त्या बेटावर त्यांनी तोवर काही केलेले नव्हते. अर्थात हा निकाल तोफांनी लागला, न्यायाधीशांनी नव्हे.

काही वाद न्यायालयात जातच नाहीत, ते का?

आंतरराष्ट्रीय न्यायालयाला दोन्ही पक्षांची संमती लागते, आणि बेट ज्याच्या हातात आहे त्याला ती देण्यात काही लाभ नसतो. कोरिया आणि जपान यांच्यामधील दोक्दो, जपानी भाषेत ताकेशिमा, यांचे एकूण क्षेत्रफळ ०.१९ चौरस किलोमीटरहूनही थोडे कमी आहे. कोरियाच्या बाजूने १९०० सालचा शाही आदेश दाखवला जातो, ज्यात उल्लेखलेले सोक्दो म्हणजेच दोक्दो असे कोरिया म्हणतो आणि जपान ते मानत नाही. जपानच्या बाजूने १९०५ सालच्या समावेशाचा आधार आहे. त्याच वर्षी कोरिया जपानच्या संरक्षणाखाली ढकलला गेला असल्याने कोरियन लोकांना तो समावेश गुलामगिरीची पहिली पायरी वाटतो. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात या खडकांचा उल्लेखच राहिला. १९५२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी समुद्रात रेषा आखून ते आपल्या बाजूला घेतले आणि आज तेथे कोरियन पोलिसांचा पहारा आहे. जपानने १९५४ पासून अनेकदा न्यायालयात जाण्याचा प्रस्ताव ठेवला. वादच अस्तित्वात नाही, असे कोरियाचे उत्तर असते. गंमत अशी, की सेनकाकूंच्या बाबतीत जपान अगदी हेच उत्तर चीनला देतो.

कायद्याच्या दृष्टीने खडक आणि बेट यांत फरक काय?

फरक मोठा आहे. १९८२ च्या समुद्र कायदा करारातील १२१ व्या कलमानुसार भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी नैसर्गिक जमीन म्हणजे बेट; पण ज्यांवर मनुष्यवस्ती किंवा स्वतःचे आर्थिक जीवन टिकू शकत नाही अशा खडकांना १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो, २०० मैलांचे क्षेत्र मिळत नाही. ब्रिटनने १९९७ साली करारात सहभागी होताना रॉकॉलवरून मोजलेला २०० मैलांचा दावा स्वतःहून सोडला. जपानने मात्र ओकिनोतोरिशिमाचे भरतीत जेमतेम डोके वर काढणारे खडक काँक्रीटच्या कड्यांनी वेढून ठेवले आहेत आणि तो पूर्ण क्षेत्राचा आग्रह धरतो. फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या प्रकरणात १२ जुलै २०१६ रोजी लवादाने फार कडक कसोटी लावली आणि दक्षिण चीन समुद्रातील स्प्रॅटली बेटांमधील एकही भूभाग, अगदी तैवानच्या ताब्यातील विहिरी व धावपट्टी असलेला इतू अबासुद्धा, २०० मैलांना पात्र नसल्याचे ठरवले. मालकी कोणाची, हा प्रश्न त्या लवादापुढे नव्हता, आणि चीनने तो निवाडा स्वीकारलेला नाही.

बेटावर माणसे राहत असतील तर त्यांचे मत विचारले जाते का?

बहुतेकदा नाही. हिंदी महासागरातील शागोस बेटे ब्रिटनने १९६५ साली, मॉरिशसच्या स्वातंत्र्यापूर्वी, मॉरिशसपासून वेगळी काढली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ उभारता यावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तेथील सुमारे दीड ते दोन हजार रहिवाशांना हलवले. हे विभाजन बेकायदेशीर होते असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिले. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी बेटे मॉरिशसकडे देण्याच्या व तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राखण्याच्या करारावर सह्या केल्या, तेव्हाही विस्थापितांपैकी अनेकांची तक्रार हीच होती, की बोलणी आमच्याविना झाली.

वाद सामोपचाराने मिटल्याचे उदाहरण आहे का?

ग्रीनलंड आणि कॅनडाचे एल्समियर बेट यांच्यामधील हान्स बेट हे ठळक उदाहरण आहे. १९७३ च्या करारात कॅनडा आणि डेन्मार्क (ग्रीनलंड ज्याच्या राज्यात येते) या दोन्ही देशांनी समुद्रतळाची रेषा बेटाच्या एका टोकाला थांबवून दुसऱ्या टोकापासून पुढे चालू केली आणि मधले सव्वा चौरस किलोमीटर तसेच सोडून दिले. १९८४ नंतर दोन्हीकडचे लोक आळीपाळीने झेंडा बदलत राहिले आणि जाताना डॅनिश मद्याची किंवा कॅनेडियन व्हिस्कीची बाटली मागे ठेवत राहिले. १४ जून २०२२ रोजी बेट दोघांत विभागण्याचा करार झाला. स्थानिक इनुइट लोकांचा वावर दोन्ही बाजूंना अबाधित ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. हे शक्य झाले, कारण सागरी सीमा आधीच ठरलेली होती आणि बेटामुळे कोणाच्याही पाण्यात काही भर पडणार नव्हती.

वादातील बेटच बुडाले तर?

१९७० च्या चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी वाळूचे एक बेट वर आले. भारताने त्याला न्यू मूर म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. १९८१ मध्ये भारताने तेथे नौदल पाठवले, बांगलादेशाने निषेध केला. २०१० साली जादवपूर विद्यापीठातील समुद्रशास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांच्या आधारे बेट पाण्याखाली गेल्याचे सांगितले. ७ जुलै २०१४ च्या लवाद निवाड्यात बंगालच्या उपसागरातील सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला मिळाले, तर जेथे ते बेट होते ती जागा भारताच्या बाजूला आली.

आधीच ठरलेल्या सागरी हद्दींचे पुढे काय, याबाबत १९८२ च्या करारात स्पष्ट तरतूद नाही. प्रशांत महासागरातील बेटांच्या राष्ट्रांनी ऑगस्ट २०२१ मध्ये संयुक्त घोषणा करून, एकदा संयुक्त राष्ट्रांकडे रीतसर नोंदवलेली आपली सागरी क्षेत्रे समुद्राची पातळी वाढली तरी कमी होणार नाहीत, अशी भूमिका घेतली आहे. त्यामुळे आपल्या किनाऱ्यांच्या आधाररेषा मोजून त्यांचे सहनिर्देशक वेळेत दाखल करण्याचे काम त्यांतील अनेक राष्ट्रांनी हाती घेतले आहे.